वारा पडलेला खडक

मुरेखाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. त्यावर बांबू, आणि बांबूला शिडाच्या कापडाची हातभर पट्टी. गावात कुणी भांडता भांडता एकाएकी गप्प झाले, की बाकीचे म्हणतात, "खडकावर वारा पडलाय." मग सगळ्यांचे आवाज खाली येतात. अशा शांततेमागून काय येते, ते या गावाला ठाऊक आहे. पाहुण्यांनी विचारले, की म्हातारे धर्मा तांडेल पट्टीकडे बघत बायजाची हकिकत सांगतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. बायजाच्या नातीचे लग्न होते. पलीकडच्या तीरावरून नवऱ्याची होडी निघाली होती. समुद्र थाळीतल्या पाण्यासारखा शांत, म्हणून मांडवात सगळे खुशीत. बायजाला मात्र ते पाणी बघवेना. वाळत घातलेल्या जाळ्याचा धागासुद्धा हलत नव्हता, आणि समुद्रपक्षी भर दुपारी गावातल्या माडांवर येऊन बसले होते. तिचा नवरा बुडाला, त्या दिवशीही असेच होते.

"नाथा, होडी माघारी धाड," ती मुलाला म्हणाली.

"आये, पोरीच्या लग्नात तरी शुभ बोल की! असं पाणी वर्षातून चार येळा मिळत नाय."

होडीतल्या वाजंत्रीपुढे हाक पोचली नसती. पण एक खूण होती. घरात कुणी मेले, की किनाऱ्यावरून शिडाचा फाटका तुकडा हलवायचा. तो दिसला, की वऱ्हाड अर्ध्या वाटेवरून फिरायचे. बायजाने कोयता घेतला आणि नातजावयासाठी आणलेले कोरे शीड फाडले.

"घरात कोन मेलंय?" नाथा ओरडला.

"अजून कोनी नाय," ती म्हणाली आणि खडकाकडे निघाली.

वारा नव्हता. कापड फडकेना, नुसते लोंबत राही. म्हणून ती दोन्ही हातांनी ते हलवत राहिली, असे सांगतात. भरती घोट्याला लागली, मग गुडघ्याला. अखेर वाजंत्री थांबली. होडी वळली आणि पलीकडच्या तीराला लागली, तोच वादळ कोसळले. नाथा पाण्यात शिरला, पण खडकाशी पोचला तेव्हा तिथे कुणी नव्हते. खूण खरी झाली होती.

वर्षाने लग्न लागले. नवरीने आधी खडकावर बांबू रोवला, मगच ती बोहल्यावर चढली.

आजही वारा पडला, की गावातली सर्वांत वयस्क बाई खडकावर जाते आणि ती पट्टी हाताने हलवते. समुद्रातल्या होड्या माघारी येतात. घरात कोण मेले, असे तिला कुणी विचारत नाही.