मोरोबा आणि खडूचा घोडा

एका गावात एक भोळा बाप होता. त्याचं नाव मोरोबा. आपलं डोकं म्हणजे पोकळ भोपळा, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पण त्या भोपळ्यात एकदा काही पडलं की ते बाहेर यायचं नाही.

त्याची लेक सुलभा इंग्लंडात दिलेली. तिच्या धाकट्या दिराचं लग्न निघालं, म्हणून मोरोबा विमानात बसून तिकडे गेला. लेकीने दारातच विनवलं, बाबा, सासूबाई फार काटेकोर आहेत, मी सांगेन तसंच वागा. मोरोबाने मान डोलावली. त्याला तेवढंच तर जमत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सगळे फिरायला निघाले. तिकडच्या टेकड्यांवर गवत खरवडलं की खाली पांढरा खडू लागतो. जुन्या लोकांनी तसं खरवडून टेकडीएवढाली चित्रं काढून ठेवलीत. पहिल्या टेकडीवर खडूचा माणूस होता. रस्त्यावरून तो हात पसरून उभा दिसला. एवढा मोठा माणूस, भेटायलाच हवं, म्हणून मोरोबा धापा टाकत वर गेला. बघतो तर नुसती पांढरी पायवाट. माणूस गायब. मोरोबा "अहो पाहुणे, अहो पाहुणे" करत हाका मारत राहिला. शेवटी सुलभाने त्याला खाली आणलं. म्हणाली, "बाबा, चित्र लांबून बघायचं. जवळ गेलं की काही कळत नाही."

मोरोबाने ते मनात पक्कं केलं.

मग सगळे टेकडीखाली उघड्यावरच चहाला बसले. विहीणबाईंनी कौतुकाने होणाऱ्या सुनेचा फोटो पुढे केला. मोरोबा ताडकन उठला, कुंपण ओलांडून मेंढ्यांच्या कुरणात गेला आणि पार पलीकडून ओरडला, "इथून बरी दिसते!"

विहीणबाईंचा चहा तसाच गार झाला. सुलभाने बापाला बाजूला घेतलं. कौतुक असं लांबून करू नये बाबा, जवळ जावं, मायेने हात फिरवावा.

पुढच्या टेकडीवर खडूचा घोडा होता. मोरोबा तडक वर चढला, भोवतीची दोरी ओलांडली, घोड्याच्या पोटावर मांडी ठोकून बसला आणि मायेने हात फिरवू लागला. खडू उकरला गेला, धोतर पांढरंफटक झालं. राखणदार शिट्टी फुंकत धावत आला. विहीणबाई गाडीत जाऊन बसल्या. सुलभाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बाबा, हा राखणदार म्हणतोय, पांढऱ्या घोड्यावर कुणी बसायचं नाही. बसलेला दिसला तर लगेच खाली उतरवतात. एवढं तरी लक्षात ठेवा."

लेकीचं रडणं मोरोबाला फार लागलं. घरी पोचेपर्यंत तो तेवढंच घोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयापुढे ताशा वाजू लागला. वळणावरून वरात आली. नवरदेव फेटा बांधून, मुंडावळ्या लावून ऐटीत येत होता. बसला होता एका पांढऱ्याशुभ्र घोड्यावर.

एवढी शिकलीसवरलेली माणसं, आणि नियम एका भोपळ्यालाच ठाऊक? मोरोबा गर्दीतून पुढे घुसला. आधी रीतसर हात जोडले. मग नवरदेवाचा पाय धरला आणि ओढला.

नवरदेव फेट्यासकट चिखलात. ताशा थांबला. विहीणबाई मटकन खाली बसल्या.

मोरोबाने घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला, तळवा उलटून पाहिला आणि लेकीला समाधानाने म्हणाला, "वेळेवर पोचलो बघ. खडू जराही निघालेला नाही."