वहीतलं दहावं वाक्य

एका तालुक्याच्या गावी अंकुश नावाचा एक घड्याळजी होता. गिऱ्हाइकं बेताचीच, मित्र दोनच. पण मित्र जिवाला जीव देणारे. एक पंक्चरवाला शौकत आणि दुसरा दुकानांच्या पाट्या रंगवणारा तुळशीदास. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तिघे रखमाकाकूंच्या हॉटेलात मिसळ खात. पैसे पाळीने द्यायचे, आणि पाळी कुणाची हे कुणी फारसं लक्षात ठेवत नसे.

पुढे अंकुशने इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला. मास्तरांनी हॉटेलात पैसे देताना म्हणायची दहा वाक्यं वहीत लिहून दिली. अंकुशने नऊ घोकून पाठ केली. दहावं होतं, ‘इट्स ऑन मी’, म्हणजे आजचे पैसे माझे. हे म्हटलं की खिशात हात घालावा लागतो, म्हणून ते त्याने मागे ठेवलं. बिल आलं की तो कॉलर सावरून मोठ्याने म्हणे, “लेट्स स्प्लिट इट!” मग बिलाचे सरळ तीन भाग होत. सगळं हॉटेल वळून बघे आणि हा गडी फुलून जाई.

त्याच सुमारास गावात छापील फ्लेक्स आले आणि तुळशीदासचे ब्रश वाळून गेले. तो नुसता चहा घेऊ लागला, तरी बिलाचा तिसरा हिस्सा मुकाट्याने देई. मग एका गुरुवारी तो आलाच नाही. पुढच्याही नाही.

अंकुश त्याच्या घरी गेला. “का रे, रागावलास होय?”

“राग कसला? तुझ्या इंग्रजीला माझा खिसा पुरत नाही, एवढंच.”

अंकुशचा चेहरा उतरला. आपण रुबाब करत होतो आणि समोर मित्र उपाशी बसला होता, याची त्याला फार लाज वाटली. “गुरुवारी ये,” एवढंच तो म्हणाला. तुळशीदासने मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची, हे काही अंकुशला कळेना.

गुरुवारी अंकुश लवकर गेला. तिघांचे पैसे काकूंच्या हातात ठेवून म्हणाला, “कुणी दिले ते बोलायचं नाही हं, काकू.” तुळशीदास उशिरा आला आणि दारातच घुटमळला. शौकतने त्याला हात धरून आत आणला.

मिसळ संपत आली तसा तुळशीदास खिसा चाचपू लागला. काकू म्हणाल्या, “राहू दे. पैसे मिळाले मला.”

तुळशीदासने अंकुशकडे पाहिलं. दहावं वाक्य म्हणायची हीच वेळ होती, आणि ऐकायला सगळं हॉटेल होतं. अंकुश मात्र खाली मान घालून रश्श्यात पाव बुडवत राहिला.

“काम मिळालं की पाळी माझी,” तुळशीदास म्हणाला.

“मिळू दे की. घाई कुणाला आहे?” शौकत म्हणाला.

दोन महिन्यांनी तुळशीदासला शाळेच्या भिंतीवर नकाशे रंगवायचं काम मिळालं. त्या गुरुवारी त्याने मिसळीवर जिलबीही मागवली आणि अंकुशच्या कानाशी लागला, “आजचे पैसे माझे, हे इंग्रजीत कसं म्हणायचं रे?”

अंकुशने हळूच सांगितलं. तुळशीदास उभा राहिला आणि साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाला, “इट्स ऑन मी!” सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती अंकुशने.

तात्पर्य: मित्रांत हिस्से सारखे पाडण्याआधी कुणाला किती झेपेल ते बघावं; आणि आपण दिलं तर गप्प राहावं, मित्राने दिलं तर टाळी वाजवावी.