आबासाहेबांचा खेळ

नागझरीच्या माध्यमिक शाळेतला मुलींचा कबड्डी संघ नुकता कुठे बाळसं धरू लागला होता, तोच संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब जाचक यांनी फर्मान सोडलं, की खेळाचा तास बंद, त्या वेळात गणित शिकवा! क्रीडाशिक्षिका गायधनीबाईंनी परोपरीने विनवलं, पण आबासाहेब ढिम्म हलले नाहीत.

बक्षीस समारंभाला सारा गाव लोटला. माइक हाती येताच आबासाहेबांना चेव चढला. "उड्या मारून कुणाचं भलं झालंय? मी जन्मात एक खेळ खेळलो नाही, तरी इथवर पोचलोच ना! बाई, तुमचा एखादा तरी खेळ माझ्या कामी आल्याचं दाखवा. इथल्या इथे तास परत देतो!"

बाई उठल्या.

"आबासाहेब, मागच्या निवडणुकीआधी आपण पलीकडच्या पक्षात शिरलात. तोंडाने एकच घोषणा अखंड चालू होती. तिथले चार जण बाद केलेत आणि कुणाच्या हाती न लागता आपल्या पक्षात सुखरूप परतलात. आमच्यात याला कबड्डी म्हणतात!"

मांडवात हशा उसळला. पहिल्या रांगेत बसलेल्या आबासाहेबांच्या पत्नीनेही तोंडाला पदर लावला. आबासाहेब आधी लालबुंद झाले. पण शब्द साऱ्या गावासमोर दिलेला! शेवटी तेही मिशीतल्या मिशीत हसले.

"दिला तास परत," ते म्हणाले. "फक्त पोरींना चढाईच शिकवा, बाई. पकड नको!"