पेजेतलं मीठ

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका राजाच्या स्वयंपाकघरात कडक नियम होता: राजघराण्याच्या आधी अन्न कोणी चाखायचं नाही. उष्टं होतं!

आता न चाखता मीठ कळणार कसं? एकजण टाकी. दुसऱ्याला वाटे, राहिलंच असेल, तोही टाकी. कधी दोघांनाही वाटे, दुसऱ्याने टाकलं. म्हणून आमटी आज अळणी, उद्या खारट. राजा निमूट गिळी. नियम त्याच्याच पणजोबांचा होता.

तिथे वेणू नावाची स्वयंपाकीण होती. घरी तान्हं लेकरू. या नियमाने ती रोज वैतागे, आणि मग ‘मीच काय ती शहाणी लागून गेले!’ म्हणून स्वतःवरही वैतागे.

एकदा छोटी राजकन्या तापाने आजारी पडली. अन्नाला तोंड लावीना. वैद्य म्हणाले, “आज पेज पोटात गेली तर लेकरू वाचेल. पण पहिला घोट नावडला, तर पुन्हा तोंड उघडायची नाही.”

पेज शिजली. वेणूने शेजारच्या स्वयंपाकिणीला विचारलं, “मीठ टाकलं का गं?”

“टाकलं वाटतं.”

“वाटतं म्हणजे?”

“म्हणजे… टाकलंच असेल की कोणीतरी!”

घरी लेकराचा मऊ भातसुद्धा वेणू आधी जिभेला लावून मगच भरवी. तिने पळीतला थेंब तळहातावर घेतला आणि चाटला. खारट ढुस्स! तिने ते पातेलं बाजूला सारलं आणि दुसरी पेज चढवली.

नेमकं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आचारीबुवांनी पाहिलं. पेज होताच त्यांनी वेणूला राणीपुढे उभं केलं.

“राणीसाहेब, हिने नियम मोडला! खाल्ल्या मिठाला जागली नाही!”

“जागले, म्हणून तर चाखलं,” वेणू म्हणाली. “थेंब हातावर घेतला, पळी उष्टी नाही केली. तरी चुकलं असेल तर घालवा मला. पण आधी ही पेज लेकराला द्या, गरम आहे तोवर.”

राजकन्येने एक घोट घेतला. मग दुसरा. मग रिकामी वाटी पुढे केली.

राणीने पहिलं पातेलं मागवलं. “बुवा, ही तुम्ही घ्या.”

एका घोटात बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नियम बदलला. बुवांनीच नवा केला, तोही कडक: प्रत्येक पदार्थ प्रत्येकाने चाखलाच पाहिजे! दुसऱ्या दिवशी सगळं स्वयंपाकघर ओळीने आमटी चाखून गेलं, आणि राजासाठी वाटीभरही उरली नाही.

वेणूने कपाळावर हात मारला. “अहो बुवा, जरा डोकं वापरा!”

तात्पर्य: नियम ज्याच्यासाठी केला त्याला जपायला कधी नियमच मोडावा लागतो, पण तो कधी मोडायचा, याचा नियम करता येत नाही.