पहिलं डोकं

"…पण मग ते पहिलं डोकं गेलं कुठं?"

येसूमाईनं मान वर केली नाही. तिच्यासमोरच्या परातीत हरभऱ्याच्या डाळीचं पीठ होतं, हळद होती, थोडं दूध होतं. ती उटणं कालवत होती.

"कुणाचं?"

"गणपतीचं. गौरीनं अंगच्या मळीतून मुलगा घडवला, तेव्हा त्याला माणसाचंच डोकं असणार. महादेवांनी ते उडवलं. मग हत्तीचं बसवलं. हत्तीचं कुठून आणलं ते सगळेच सांगतात. उडालेलं कुठं पडलं, ते कुणीच सांगत नाही."

"तुला कशाला हवंय ते?"

प्रश्न कठीण आहे असं त्रिविक्रमला पुष्कळांनी सांगितलं होतं. कशाला हवाय, असं कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी गावातल्या नव्या देवळात गणपतीची प्रतिष्ठा व्हायची होती. त्यानंतर त्रिविक्रमचं प्रवचन. देवाचे कान सुपाएवढे का, डोळे बारीक का, सुळा मोडका का, एवढ्या थोरल्या देहाला उंदराचं वाहन का… साऱ्याची उत्तरं त्याच्या जिभेवर होती. प्रवचन संपलं की वैजनाथशास्त्री उठणार होते आणि भरल्या सभेत पाठशाळेची गादी त्याला देणार होते. मुंज झाल्यापासून तो शास्त्रीबुवांच्या घरी वाढला, तो याच दिवसासाठी.

त्याच्या डोक्यावर लाल पगडी होती, जरीच्या काठाची. संस्थानच्या सभेत वाद जिंकला तेव्हा ती मिळाली होती. ती तो झोपतानाच काय ती काढतो, असं पाठशाळेतली मुलं म्हणत. काही म्हणत, झोपतानाही नाही.

उत्तर नसलेला एक प्रश्न पोटात घेऊन गादीवर बसायचं, हे त्याला सोसेना. शास्त्रीबुवांना विचारलं तर ते म्हणाले, "असले प्रश्न विचारायचे नसतात." म्हणून पहाटेच उठून तो डोंगराच्या कुशीतल्या येसूमाईच्या मठीत आला होता. माई उत्तर देते, असं लोक म्हणत. ती जे देते ते उत्तरच असतं का, याबद्दल मात्र गावात एकमत नव्हतं.

"सगळी उत्तरं येतात म्हणतोस," माई म्हणाली. "सोंड कशासाठी?"

"विवेकासाठी. हत्ती सोंडेनं झाड उपटतो आणि त्याच सोंडेनं गवताची काडी उचलतो."

"आणि एवढे मोठे कान?"

"ऐकण्यासाठी."

"मग ऐक. मला आंघोळीला जायचंय. कुंडाच्या चौकटीत उभा राहा. मी बाहेर येईपर्यंत कुणालाही आत सोडू नकोस."

"आणि माझा प्रश्न?"

"त्याला घाई नाही. तुला आहे."

"बरं, राहतो उभा," तो म्हणाला. घाईतला माणूस म्हणतो तसं.

गौरीकुंड मठीच्या मागं होतं. चारी बाजूंनी काळ्या दगडाची भिंत, वर जायला पायऱ्या, पायऱ्यांच्या टोकाला एकच चौकट. चौकटीला दार नव्हतं. पायऱ्यांखाली माईची शेळी बांधलेली होती.

"माई, इथं दार का नाही?"

"होतं. तुझ्या गावानं काढून नेलं. देवाच्या पाण्याला आडकाठी कशाला, म्हणाले."

"मग तुम्ही रोज…"

"रोज उजाडायच्या आधी उरकते. आज उशीर झाला. तू बोलत बसलास."

ती आत गेली.

त्रिविक्रम चौकटीत पाठमोरा उभा राहिला. मागून पाण्याचा आवाज येऊ लागला. तो मनातल्या मनात प्रवचन घोळवू लागला. आधी वक्रतुंड, मग एकदंत, मग लंबोदर… लंबोदरापाशी आला आणि त्याला सनई ऐकू आली.

सनईमागं चौघडा. चौघड्यामागं माणसं.

तेव्हा त्याला आठवलं. नव्या मूर्तीवर पहिलं पाणी पडायचं ते गौरीकुंडाचं, ही त्या गावची रीत होती. मुलावर पहिलं पाणी आईच्या हातचं. प्रवचनात त्यावर त्याचं एक सुरेख वाक्यही होतं.

मिरवणूक डोंगर चढून आली. पुढं वाजंत्री, मग वैजनाथशास्त्री, त्यांच्या शेजारी पंचांग काखेत मारलेले जोशीबुवा, मागं डोक्यावर कळश्या घेतलेल्या सुवासिनी आणि त्यांच्या मागं सगळं गाव.

"अरे, तू इथं आहेस होय," शास्त्रीबुवा पायऱ्या चढता चढता म्हणाले. "बरं झालं. हो बाजूला. मुहूर्त जवळ आलाय."

"माई आत आहेत."

"असू देत."

"स्नान करतायत."

सनई थांबली. चौघडा थोडा पुढं जाऊन थांबला.

"मग हाक मार. आवरून बाहेर या म्हणावं."

त्रिविक्रमनं हाक मारली नाही. आतून नुसता पाण्याचा आवाज.

"थोडं थांबू या, शास्त्रीबुवा."

"मुहूर्त थांबतो का? अरे, म्हातारी बाई ती, घरदार सोडलेली. तिला कसला संकोच? आणि मला तरी काय बघायचंय? हवं तर डोळे मिटून जातो."

"आतल्या पायऱ्या शेवाळल्या आहेत. डोळे मिटून गेलात तर पडाल."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. शास्त्रीबुवांचे कान लाल झाले.

"त्रिविक्रम, हे देवाचं काम आहे."

"हेही त्याचंच आहे."

आपण हे बोललो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. हे वाक्य त्याच्या प्रवचनात नव्हतं.

शास्त्रीबुवा एक पायरी वर आले. आता त्यांचा श्वास त्याच्या तोंडावर येत होता. लहानपणी ताप आला की हाच माणूस रात्रभर उशाशी बसायचा. अक्षरं गिरवून घ्यायला हाच हात धरायचा.

"तुला दिसतंय ना कोण समोर आहे ते?" ते हळू म्हणाले. "की ओळखलं नाहीस मला?"

…

त्रिविक्रमला आपलंच प्रवचन आठवलं.

महादेव सर्वज्ञ असून त्यांनी मुलाला कसं ओळखलं नाही, यावर त्याच्याकडं मोठं उत्तर होतं. मुलानं बापाला ओळखलं नाही, हे तर सगळेच धरून चालत. पोर बिचारं अजाण, समोर कोण आहे त्याला काय ठाऊक. तोही तसंच सांगत आला होता.

आज त्याला पहिल्यांदा वाटलं, ओळखलं असणार. पुरतं ओळखलं असणार. तरीही हललं नसणार.

"ओळखलंय, शास्त्रीबुवा."

"त्या गोष्टीत दाराशी उभ्या राहिलेल्या पोराचं काय होतं, ते मी तुला शिकवलंय."

"शिकवलंत. म्हणून तर उभा आहे."

शास्त्रीबुवांची काठी उठली. ती त्याला लागली नाही. पगडीला लागली.

पगडी उडाली. पायऱ्यांवरून आपटत, उलटीपालटी होत खाली गेली आणि शेळीच्या पुढ्यातल्या चिखलात जाऊन पडली. शेळीनं ती हुंगली. मग जरीचा काठ तोंडात धरला आणि शांतपणे चघळायला लागली.

त्रिविक्रमचा हात आपोआप डोक्याकडं गेला. तिथं नुसते केस होते.

"उचल ती," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. काठी आपण उगारली, यावर त्यांचाच विश्वास बसत नव्हता. "उचल, अरे. संस्थानचा मान आहे तो. खातेय ती."

धावत खाली जायचं, पगडी ओढून घ्यायची आणि परत वर यायचं. एवढंच. पण तेवढ्या वेळात चौकट रिकामी राहणार होती.

"उचलीन," तो म्हणाला. "माईंची आंघोळ झाली की."

शेळीच्या चघळण्याचा आवाज सगळ्या गावानं ऐकला.

मग सुवासिनींच्या रांगेतून गोदाकाकू पुढं झाल्या. गोदाकाकू म्हणजे शास्त्रीबुवांच्या पत्नी. त्रिविक्रमला हातानं भरवून त्यांनीच मोठं केलं होतं. त्यांनी डोक्यावरची कळशी उतरवली, पायरीवर ठेवली आणि चौकटीपुढं, कुंडाकडं पाठ करून, गावाकडं तोंड करून बसल्या.

"हे काय चाललंय?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"बसलेय. पाय दुखले."

"आत्ता?"

"चाळीस वर्षं दुखतायत. आज बसले." त्यांनी पदर सावरला. "अहो, आता तुम्ही तेवढं तोंड फिरवा तिकडं. आणि बाकीच्यांनाही सांगा."

दुसरी कळशी खाली आली. मग तिसरी. बायका येत गेल्या, गोदाकाकूंच्या शेजारी, खालच्या पायरीवर, त्याच्याही खालच्या पायरीवर बसत गेल्या. हिरवी, जांभळी, तांबडी लुगडी. जे दार गावानं काढून नेलं होतं, ते माणसांचं होऊन परत आलं.

वाजंत्री सगळ्यात आधी पाठमोरे झाले. बायका त्यांच्याही घरी होत्या. मग गाव फिरलं. जोशीबुवा फिरता फिरता बोटांवर काहीतरी मोजत होते. ते खाकरले.

"तसा… पुढचा मुहूर्तही वाईट नाही."

जोशीबुवांना दुसरा मुहूर्त सापडला होता. सापडतोच.

शेवटी कुंडाकडं तोंड करून उभे राहिले ते एकटे शास्त्रीबुवा. ते त्रिविक्रमच्या उघड्या डोक्याकडं पाहत होते. मुंजीच्या दिवशी हेच डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं, तेव्हाही ते असंच उघडं होतं.

मग त्यांनीही कुंडाकडं पाठ केली.

कुणी सांगितलं नव्हतं, पण सनईवाल्यानं सनई तोंडाला लावली. आधी हळू, चाचपडत. मग चौघडा तिच्याखाली आला आणि सगळा डोंगर वाजायला लागला. गाव पाठमोरं उभं होतं, बायका हसत होत्या, आणि त्रिविक्रम चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात टेकून उभा होता. वारा त्याच्या केसांतून जात होता. केसांना वारा लागतो, हे तो विसरूनच गेला होता. गादी गेली असेल तर गेली असेल. आपण एवढे उंच कधी झालो, तेच त्याला कळेना.

"झाली आंघोळ," मागून आवाज आला.

माई कोरडं लुगडं नेसून, ओले केस पाठीवर सोडून उभी होती. तिनं पायऱ्या भरून बसलेल्या बायका पाहिल्या. पाठमोरं गाव पाहिलं.

वाद्यं थांबली. शास्त्रीबुवा वळले. ते हळूहळू वर आले. बायकांनी त्यांना वाट दिली. त्रिविक्रमपुढं ते थांबले आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची पगडी काढली. पाठशाळेची पगडी ती, त्यांच्या गुरूंच्या गुरूंपासून चालत आलेली, टोपलीएवढी थोरली. ती त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर ठेवली.

पगडी मोठी झाली. ती भुवयांपर्यंत खाली आली आणि तिच्या भारानं त्याचे दोन्ही कान दुमडून सुपासारखे बाहेर आले.

आधी गोदाकाकू हसल्या, तोंडाला पदर लावून. मग सगळ्या बायका, मग गाव. जोशीबुवांचं पंचांग काखेतून गळून पडलं. शास्त्रीबुवांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. तो फसला आणि ते डोळे पुसत पायरीवर बसले. पगडीखालून कसंबसं बघत त्रिविक्रमही हसत होता.

हसणं ओसरल्यावर माईनं गोदाकाकूंची कळशी उचलली. ती आत गेली, कुंडात वाकली, आणि कळशी भरून घेऊन आली.

"काय रे," तिनं त्रिविक्रमला विचारलं, "मघाशी काय विचारत होतास?"

त्यानं पायऱ्यांखाली पाहिलं. लाल पगडीचा काठ संपला होता. शेळीनं आता आतल्या कापडाला तोंड लावलं होतं.

"…काही नाही, माई."

वाजंत्री सरसावले. सुवासिनी पदर खोचून उठल्या. गाव वाट देऊन उभं राहिलं, देवावरच्या पहिल्या पाण्यासाठी.

माईनं भरलेली कळशी त्याच्या हातात दिली.

"घे. पहिलं पाणी त्या शेळीला पाज. घशात अडकलं असेल तिच्या."