चार बोटांचं जाळं

दर्या माणसांशी बोलायचा, त्या काळातलं एक जाळं होतं. म्हाताऱ्या तांडेलाने ते विणलं, तेव्हा त्याच्या भोकांतून चार बोटं जायची. "मोठी मासळी आपली, पिल्लं दर्याची," तो म्हणायचा.

तो गेला. मासळी कमी झाली, तसा त्याचा मुलगा हिराजी दर नारळी पुनवेआधी भोकं बारीक करत गेला. तीन बोटं, दोन, मग एक. पिल्लांची वळवळ सोसून जाळं शिणलं.

"यांना तरी सोड रे, बाबा," जाळं विनवायचं.

"मी सोडली तर दुसरा नेईल," हिराजी म्हणायचा.

यंदा भोकातून करंगळीही जाईना. ओढताना जाळं भलतंच जड लागलं. हिराजी हरखला. वर आलं नुसतं पाणी.

"तेही सुटू दिलं नाहीस," जाळं थकून म्हणालं. "तेवढंच उरलं होतं."