होडी विकून आणलेला बिल्ला

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नाव त्याच्या पणतवंडांनाही आठवत नसे. लहान असाल तर पुढे सरकून बसा. मोठे असाल तर जरा जास्तच लक्ष देऊन ऐका, कारण या गोष्टीतली चूक लहानांनी केलेली नाही.

एका मोठ्या नदीच्या काठी एक गाव होतं. गावात कुंभार होता, कोष्टी होता, भांडायला शेजारी होते. फक्त वैद्य नव्हता. वैद्यबुवा राहायचे पलीकडच्या तीरावर, आणि पलीकडे न्यायला गावात एकच होडी होती, लखोबा नावाड्याची.

कोणाला ताप भरला, कोणाला विंचू चावला, कोणी बाई अडली, की लोक लखोबाच्या दारात. तो जेवत असला तरी हात धुवून उठायचा. पावसाळ्यात नदी फुगली की दुसरं कोणी पाण्यात पाय घालत नसे, पण लखोबाला त्या पाण्याचा एकेक भोवरा ठाऊक होता. कधी रोग्याला तिकडे न्यायचा, कधी वैद्यबुवांना इकडे आणायचा. तरी एखादवेळी उशीर व्हायचाच. लखोबाची बायको अशीच गेली, होडी तीराला लागण्याआधी.

तेव्हापासून त्याच्या मनानं एकच घेतलं होतं. आपली लेक राही, तिला औषधपाणी शिकवायचं. औषध देणारं माणूस गावातच असलं, तर कोणाला नदी ओलांडायलाच नको.

एके वर्षी राजधानीतून दवंडीवाला आला. ढोल बडवून म्हणाला, "राजधानीत वैद्यांच्या सहायकांची पाठशाळा उघडली आहे. तीन वर्षांचं शिक्षण. शेवटी तांब्याचा बिल्ला. वैद्यांच्या घरी मानाची जागा."

लखोबानं त्यातला 'वैद्य' एवढाच शब्द ऐकला. बाकीचं सगळं त्या ढोलाच्या आवाजात गेलं.

पाठशाळेचे पैसे ऐकून मात्र गाव गार पडलं. चाळीस होन. पारावर चार दिवस खल झाला. चाळीस होनांत जेवण धरलंय का, हे विचारून झालं. दिव्याचं तेल कोणी आणायचं, हे विचारून झालं. अंथरूण घरून न्यायचं की तिथं मिळतं, यावर तर दोघांची चांगलीच जुंपली. पण तीन वर्षांनी पोरीला नेमकं काय करता येईल, हे एकानंही विचारलं नाही. लखोबानंही नाही. अहो, वैद्यबुवांचे सहायक त्याच्याच होडीतून किती वेळा गेले होते. मांडीवर औषधांची पेटी घेऊन वैद्यबुवांच्या मागे बसायचे आणि त्यांनी बोलावल्याशिवाय उठायचे नाहीत. एकटा सहायक रोग्याकडे निघालाय, असं लखोबानं एकदाही पाहिलं नव्हतं. सगळं डोळ्यांसमोर होतं, पण माणूस एकदा हौसेला पेटला की त्याला समोरचं दिसत नाही.

चाळीस होन फक्त होडीला येत होते. नदीच्या खालच्या अंगाच्या एका व्यापाऱ्यानं ती मागितली.

राही म्हणाली, "आबा, होडी गेली तर आजारी माणसांचं कसं?"

"तीन वर्षं कळ काढू. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, उतारानं चालत पलीकडे जाता येतं. पावसाळ्यात देव आहे. आणि तू आलीस की होडी हवी कशाला?"

गावालाही ते पटलं. बायकांनी राहीला ओवाळलं, व्यापारी होडी घेऊन गेला आणि लखोबा काठावर बसून गळ टाकू लागला. त्या तीन पावसाळ्यांत दोन म्हातारी माणसं औषधावाचून गेली. लोक म्हणाले, वय झालं होतं.

मग राही आली. खांद्यावर बिल्ला, हातात पाठशाळेनं दिलेली औषधांची पेटी. गावानं वाजतगाजत तिला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात रांग लागली. राहीनं एकाची जखम अशी स्वच्छ धुतली की बघत राहावं. एकीची नाडी पाहिली, एकाचा मोडलेला हात बांधला. मग एक आजोबा पुढे आले आणि त्यांनी खोकल्याला औषध मागितलं. राहीनं पेटी उघडली आणि पुन्हा मिटली. म्हणाली, "वैद्यबुवा सांगतील ते देईन, आजोबा."

लोक पांगल्यावर लखोबानं विचारलं, "पेटी भरलेली आहे. मग त्यांना दिलं का नाहीस?"

"आबा, औषध ठरवायला आम्हाला शिकवत नाहीत. रोग्याला पाहायचं, जखमा धुवायच्या, वैद्यांनी तोलून दिलेल्या औषधाच्या पुड्या बांधायच्या. वैद्य व्हायचं तर ती पाठशाळा वेगळी. तिला दहा वर्षं लागतात."

"आणि हे तुला कळलं कधी?"

"पहिल्याच महिन्यात. पण होडी तोवर गेली होती. कोणत्या तोंडानं सांगणार होते?"

लखोबानं बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, "राजधानीत वैद्यांच्या घरी तरी चांगलं काम मिळेल ना?"

"दिवसाला दोन शेर ज्वारी देतात. पाठशाळेचं तोंडही न पाहता नुसत्या हाताखाली शिकलेल्या पोरी आहेत, त्यांनाही दोन शेरच मिळते."

दोन शेर ज्वारीत पोट भरून नवी होडी घ्यायची, तर लखोबाचं उरलेलं आयुष्य पुरणार नव्हतं. लेकीसमोर तो एवढंच म्हणाला, "बघू." राहीला माहीत होतं, बघण्यासारखं आता काही उरलं नाही.

भाद्रपदात नदी दुथडी भरली आणि कोष्ट्याच्या चार वर्षांच्या मुलाला ताप चढला. राही धावत गेली. तिनं मुलाचे डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि लगेच म्हणाली, "हा ताप मला ठाऊक आहे. पाठशाळेत असे सहा रोगी आले होते. त्यांना बचनाग दिला आणि सहाही उठून बसले."

"आहे का तुझ्या पेटीत?" लखोबानं विचारलं.

"आहे."

"मग दे की."

"किती देऊ, आबा?" राही म्हणाली. "बचनाग म्हणजे विष आहे. जास्त झालं तर पोर जागच्या जागी जाईल. कमी झालं तर लागू पडणार नाही. माझ्या हातात यायचं ते तोललेलं यायचं."

कोष्टीण दोघांच्या तोंडाकडे बघत होती. लखोबा उठला. त्यानं वाळलेले भोपळे दोरीनं बांधले, सांगड केली आणि ती कवटाळून पुरात उतरला. नदीनं त्याला काठावर आणून टाकलं. तो पुन्हा उतरला, पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी कोष्ट्यानं त्याला ओढून बाहेर काढलं, नाहीतर तो परत आलाच नसता. पलीकडे वैद्यबुवांचं घर दिसत होतं. अंगणात बांधलेली त्यांची गाय दिसत होती. लखोबानं घसा फाटेस्तोवर हाका मारल्या, पण पुराच्या आवाजात त्या कोणाला ऐकू जाणार?

राही मुलाच्या उशाशी बसून होती. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती, चमच्यानं पाणी पाजत होती. तिला शिकवलेलं सगळं तिनं चोख केलं. तिसऱ्या दिवशी मूल गेलं.

कोष्टिणीनं कोणाला बोल लावला नाही. लखोबाला म्हणाली, "तुम्ही पाण्यात उतरलात, भावोजी. मी पाहिलं." तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर लखोबाला बरं वाटलं असतं.

पावसाळा सरला आणि पूर ओसरला. नदीला उतार मिळाला, तसे वैद्यबुवा काठी टेकत अलीकडे आले. राहीनं मुलाची सगळी लक्षणं सांगितली. त्यांनी मान हलवली.

"बरोबर ओळखलं होतंस, मुली. अर्धी गुंज द्यायची होती, मधातून. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

डाळीत मीठ किती घालायचं हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

लखोबा म्हणाला, "वैद्यबुवा, एवढं तिला कोणी शिकवलं असतं?"

"मी शिकवलं असतं. मला मूलबाळ नाही. पेटी उचलणारे पुष्कळ मिळाले, पण पाच वर्षं राहून विद्या घेणारं कोणी आलं नाही. एक कवडी घेतली नसती मी."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तीस वर्षं तुझ्या होडीत बसलो, लखोबा. एकदा विचारायचं होतंस."

"मग आता शिकवा तिला."

वैद्यबुवांनी आपले दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "गुंज आणि मोहरी यांतला फरक मला आता दिसत नाही. पाच वर्षं कुठून आणू?"

राही राजधानीत परत गेली आणि दोन शेर ज्वारीवर एका वैद्याच्या घरी पुड्या बांधू लागली. पुढच्या वर्षी वैद्यबुवा वारले. त्या गावात नंतर किती पावसाळे आले आणि प्रत्येक पावसाळ्यानं किती माणसं नेली, ते मी मोजत बसत नाही. लखोबा मात्र पुष्कळ वर्षं जगला आणि त्यानं ती सगळी मोजली.

तात्पर्य: विद्येसाठी काय द्यावं लागेल हे विचारण्याआधी, ती घेऊन आपल्याला काय करता येईल हे विचारावं.